क्रूझवर जायचंय, असं बाई म्हणते तेव्हा



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या ग्रुपवर बोटींचे व्हिडिओ फिरायला लागतात. पांढरीशुभ्र नौका, चारी बाजूंनी निळं पाणी, डेकवर एक आरामखुर्ची आणि त्या खुर्चीत काहीही न करणारी एक बाई. खाली दोन प्रकारचे शेरे येतात. बायका लिहितात, 'एकदा तरी!' आणि घरातली मोठी माणसं लिहितात, 'पैसा जास्त झाला की हे सुचतं.'

या दोन शेऱ्यांच्या मधल्या जागेविषयी आज लिहायचं आहे. आमच्या बिबवेवाडीच्या महिला मंडळात यंदा हाच विषय निघाला आणि चांगलीच वादावादी झाली. दरवर्षी आम्ही तीर्थयात्रेला जातो. यंदा काहीजणी म्हणाल्या, यात्रा नेहमीसारखी करूच, पण भिशीतून साठवलेल्या आपल्या पैशांतून मुंबईहून तीन रात्रींची बोटीची सहलही करू या. लगेच प्रश्न आला, 'हे आपल्याला शोभतं का?' एका ताईंनी दिशाव्रताची आठवण करून दिली. दुसऱ्या म्हणाल्या, 'घरी कोण बघणार?' विषय तिथेच थांबला.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाईच्या या इच्छेला चैन म्हणून उडवून लावू नये. तिच्या पोटात विश्रांतीची मागणी आहे आणि ती धर्माच्या आड येत नाही. मात्र जी बोट आपल्याला जाहिरातीत दाखवतात, तिच्यावर ती विश्रांती मिळेलच असंही नाही. म्हणून हा मोह नेमका कशाचा आहे, ते नीट बघितलं पाहिजे.

बोट किती हळू जाते

'क्रूझ' या एका शब्दाखाली आपण सगळंच घालतो. खरं तर प्रकार वेगवेगळे आहेत.

मुंबईहून सुटणारी मोठी क्रूझ म्हणजे पाण्यावरचं हॉटेल. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई–गोवा सुरू झाली होती. संध्याकाळी निघायची आणि सकाळी गोवा. मग २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागली. आपल्या ओळखीतल्या बऱ्याचजणी हिच्यावर जाऊन आल्यात, कारण जैन जेवणाची सोय होते.

दुसरा प्रकार महासागर ओलांडण्याचा. 'क्वीन मेरी २' हे जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत पोहोचतं. लंडनहून विमान तेच अंतर सात-आठ तासांत कापतं. तरीही लोक जास्त वेळ लागणारं तिकीट काढतात! या प्रवासातली एक गंमत मला फार आवडली. जहाज पश्चिमेकडे जात असल्यामुळे वाटेत पाच वेळा रात्री घड्याळ एक तास मागे घेतात. म्हणजे त्या प्रवासातले पाच दिवस २५ तासांचे असतात. सकाळी डब्यांच्या घाईत 'अजून एक तास मिळाला असता तर' असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला यातलं सुख लगेच कळेल.

तिसरा प्रकार शिडाच्या नौकेचा. 'रॉयल क्लिपर' हे पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडं असलेलं प्रवासी जहाज आहे. उन्हाळा भूमध्य समुद्रात आणि हिवाळा कॅरिबियन बेटांत काढणारी अशी जहाजं ऋतू बदलताना अटलांटिक ओलांडतात. त्या प्रवासात बंदरं जवळजवळ नसतातच, नुसतं पाणी. त्याहून लहान म्हणजे यॉट. दर नोव्हेंबरमध्ये कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून शेकडो यॉट एकत्र निघतात आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला पोहोचतात. अंतर साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. शाळेच्या भूगोलात आपण जे व्यापारी वारे शिकलो, तेच वारे या नौकांना मागून ढकलतात. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर. आपल्याकडे मुलं सायकलवर क्लासला जातात, तेवढाच. अडीच-तीन आठवडे लागतात. ज्यांच्याकडे पैसा आहे ते कॅप्टन, आचारी, मदतनीस असलेली आलिशान यॉट घेऊन हेच अंतर याच वेगाने पार करतात.

म्हणजे पैसे जास्त देऊन मिळतं काय, तर उशीर. जग घाईसाठी पैसे मोजत असताना ही माणसं उशिरासाठी मोजतात. असं का, हा खरा प्रश्न आहे.

मोह समुद्राचा की शांततेचा

मंडळातल्या मैत्रिणींना मी विचारलं, 'बोटीवर तुम्हाला नक्की काय हवंय?' कोणीही पोहण्याचा तलाव म्हटलं नाही. कोणी कपड्यांचं, फोटोंचं म्हटलं नाही. एक म्हणाली, 'दाराची बेल वाजणार नाही.' दुसरी म्हणाली, 'उद्या भाजी काय, हे कोणी विचारणार नाही.' तिसरी, जिच्या सासूबाई गेली सहा वर्षं अंथरुणावर आहेत, ती एवढंच म्हणाली, 'मध्येच उतरून घरी येता येणार नाही ना? मग झालं.'

या तिसरीच्या उत्तरात सगळं आलं. आपण कुठेही गेलो तरी परत बोलावलं जाऊ शकतं. माहेरी गेलो तरी फोन येतो की कपाटाची किल्ली कुठे आहे. यात्रेला गेलो तरी बसमध्ये सगळ्यांचा खाकऱ्याचा डबा आपल्याच मांडीवर असतो. समुद्राच्या मधोमध असलेल्या बाईला मात्र कोणी परत बोलावू शकत नाही. तिने नकार द्यायची गरजच उरत नाही. तिच्या वतीने समुद्र नकार देतो.

आणखी एक गोष्ट. बोट हळू जात असली तरी जात असते. घरात नुसतं बसलं तर 'रिकामी बसलीय' म्हणतात. बोटीत नुसतं बसलेली बाई कुठेतरी निघालेली असते. काहीही न करता प्रवास घडतो. मला वाटतं, ज्या बाईला वर्षानुवर्षं बसण्याचा हिशोब द्यावा लागला, तिला याची ओढ लागणं अगदी साहजिक आहे.

गोव्याच्या दोन नौका

हे सगळं परदेशातलं, पैसेवाल्यांचं, असं कोणाला वाटत असेल तर गोव्याकडे बघा. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांची गोदी आहे. तिथे ५६ फुटांची 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली गेली. मांडवीचंच दुसरं नाव म्हादेई. तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, कुठेही न थांबता, १५१ दिवसांत प्रदक्षिणा केली.

मग त्याच गोदीत 'तारिणी' तयार झाली आणि तिच्यावर बायका चढल्या. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहाजणी गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला परतल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केप हॉर्न, केप टाउन असा फेरा करून २९ मे २०२५ ला त्या गोव्यात पोहोचल्या. पंचवीस हजारांवर सागरी मैल, फक्त दोघी. एक झोपली की दुसरीने जागं राहायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिन्ही सेनादलांतल्या बायकांची 'त्रिवेणी' मुंबईहून निघाली, तेव्हा तिचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्याकडे होतं.

यात ऐषाराम कुठेच नाही. गोडं पाणी जपून वापरायचं, झोप तुकड्यातुकड्यांत घ्यायची, दक्षिण महासागरातली वादळं झेलायची. ही नोकरी होती, पराक्रम होता. पण आपल्या विषयासाठी यातून एक गोष्ट कळते. समुद्र, संथ वेग आणि महिनोन्महिने न येणारा किनारा, या गोष्टी बाईला झेपत नाहीत असं म्हणायची आता सोय राहिलेली नाही. ज्यांना वाटतं की समुद्र पुण्यापासून फार लांब आहे, त्यांनी खडकवासल्याला जाऊन यावं. धरणाच्या पाण्यात एनडीएचे छात्र शिडं हाताळायला शिकतात, आणि २०२२ पासून त्या प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश आहे.

बोट आणि आपले चौदा नियम

आता मुद्दा धर्माचा. दिशाव्रताची आठवण करून देणाऱ्या ताईंचा मी आदर करते. ज्यांनी जायच्या-यायच्या दिशांची मर्यादा घेतली आहे, त्यांनी ती पाळावीच, त्यात चर्चा नाही. पण व्रत ज्याने घेतलं त्याचं असतं. एका बाईने स्वतः आखलेली रेघ सगळ्या मंडळाच्या पायात घालता येत नाही.

गंमत अशी की समुद्र ओलांडणाऱ्या नौकेचं रोजचं जगणं बघितलं की मला आपले चौदा नियमच आठवतात. आज किती द्रव्यं खायची, किती कपडे वापरायचे, कुठे झोपायचं, स्नानाला किती पाणी, कोणत्या दिशेला किती जायचं. आपण सकाळी हे मनाशी ठरवतो आणि संध्याकाळी तपासतो. यॉटवर हेच सगळं ठरलेलं असतं, फक्त कारण वेगळं. पाण्याची टाकी एवढीच, कपाट एवढंच, झोपायची फळी एवढीच, भाजी एवढीच. मग माणसं परत आल्यावर सांगतात की इतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ते हलकेपण आलं कशातून? कमी वस्तूंतून, कमी निवडींतून. ज्याला आपण परिमाण म्हणतो, त्यातून. एवढी आलिशान नौका, पण तिच्यावरचं खरं सुख मर्यादेतून येतं, हे कोणतीही जाहिरात सांगत नाही.

स्वयंपाकाचं तर विचारूच नका. यॉटच्या स्वयंपाकघरात शेगडी झुलती असते, म्हणजे नौका कलली तरी भांडं सपाट राहतं. फ्रिज लहान. पालेभाजी पहिल्या आठवड्यात संपते. मग बहुतेक लोक कांदे, बटाटे आणि डबाबंद पदार्थांवर येतात, मागे गळ टाकून मासे धरतात. आपल्याला यातलं काहीच चालणार नाही, म्हणून कोणी म्हणेल, जैन बाईचं समुद्रावर कसं व्हायचं?

मी म्हणेन, सगळ्यात चांगलं तिचंच होईल. हिरवी भाजी नसताना घर चालवणं आपण पिढ्यानपिढ्या शिकलोय. आठम-चौदस आली, पर्युषण आलं की हिरवं बंद, तरी ताटात काही कमी दिसत नाही. गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, मंगोडी, राबोडी, केर-सांगरी, दाणामेथी-किसमिस, कढी, पिठलं, डाळ-बाटी. खाकरे पंधरा-वीस दिवस सहज टिकतात. मारवाडातल्या आपल्या पणज्यांनी वाळवंटासाठी जो स्वयंपाक घडवला, तो महासागरासाठीही तसाच्या तसा चालेल. दोन्हीकडे अडचण एकच, ताजं काही मिळत नाही आणि पाणी जपायचं. फक्त यॉटवाले ताजेपणासाठी मूग-मटकीला मोड आणतात, ते आपल्यापैकी बऱ्याचजणींना चालत नाहीत. तेवढं सोडलं तर आपला साठवणीचा डबा कोणत्याही कॅप्टनला हेवा वाटावा असा आहे.

चोविहाराचंही तसंच. समुद्रावर सूर्य कधी मावळला, हे पंचांगात बघावं लागत नाही. इमारती नाहीत, डोंगर नाहीत. सूर्य पाण्याला टेकतो आणि दिवस संपतो. नौकेवरचं घड्याळ काहीही म्हणो.

आपल्या माणसांनी समुद्र पाहिलेला आहे

'समुद्र ओलांडणं आपल्यात नाही' हे वाक्य मंडळात दोन-तीनदा आलं. इतिहास वेगळं सांगतो.

नवपद ओळीच्या नऊ दिवसांत आपण श्रीपाल-मयणासुंदरीची कथा ऐकतो. त्या कथेचा अर्धा भाग समुद्रावर घडतो. धवलशेठची पाचशे गलबतं, बेटांवरचा व्यापार, आणि मग लोभापायी धवलशेठने श्रीपालला समुद्रात ढकलणं. श्रीपाल तरंगत येऊन किनाऱ्याला लागतो तो कोकणात, ठाण्याला. म्हणून तर ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराचं या कथेशी नातं आहे आणि लोक त्याला कोकण शत्रुंजय म्हणतात.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आचार्य आत्मारामजी महाराजांना आलं होतं. साधूला जहाजात बसणं शक्य नव्हतं, म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले. मुंबईहून आगबोटीने, वयाच्या २९व्या वर्षी. तेव्हाही समुद्रप्रवासावरून समाजात नाराजी उठली. आज त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो.

आणि पुण्याची आनंदीबाई. ७ एप्रिल १८८३ ला त्या कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी, जवळजवळ दोन महिने पाण्यावर, घरचं कोणी सोबत नाही, खाण्यापिण्याचे हाल. तिच्यासाठी तो संथपणा सुखाचा नव्हता. दुसरा मार्गच नव्हता म्हणून तिने तो सोसला, आणि डॉक्टर होऊन परत आली.

ज्या संथपणाला आज लोक लाखो रुपये मोजतात, तो शे-सव्वाशे वर्षांपूर्वी सक्तीचा होता. कोकणातल्या माणसांनाही तो माहीत आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे बोटी जायच्या. डेकवर वळकटी पसरून लोक रात्र काढायचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाहतूक बंद, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू. साधू-साध्वींचा विहार ज्या चार महिन्यांत थांबतो, त्याच दिवसांत नावाही किनाऱ्याला लागायच्या. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, ती पावसाळ्यातच. समुद्राला सुट्टीची जागा समजणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू

इच्छेची बाजू घेतली म्हणजे प्रत्येक बोटीची बाजू घेतली असं नाही.

विकली जाणारी क्रूझ बहुतेक वेळा या इच्छेच्या उलट असते. शांतता हवी म्हणून बाई बोटीवर जाते आणि तिथे सकाळपासून लाउडस्पीकरवर कार्यक्रमांच्या घोषणा. रात्री बारापर्यंत जेवण, नाच, जुगाराची टेबलं. पन्नास पदार्थांचा बुफे, त्यात आपलं काय आणि कशात काय घातलंय, हे शोधत फिरायचं. ज्या 'आज काय करू'पासून सुटायचं होतं, तेच 'आज काय खाऊ' होऊन पुढ्यात येतं. चौदा नियमांचं हलकेपण राहिलं बाजूला. धवलशेठही त्याच समुद्रावर, श्रीपालच्या शेजारीच होता. एकाने तिथे नवपदांचं ध्यान केलं, दुसऱ्याने शेजाऱ्याच्या संपत्तीकडे डोळे लावले. बोट आपल्याला बदलत नाही, आपण घेऊन जातो तेच तिथे वाढतं.

हिंसेचाही विचार करायला हवा. हजारो माणसांची बोट खूप इंधन जाळते. तिच्या इंजिनांचा आवाज पाण्याखाली लांबवर जातो आणि देवमाशांसारखे जीव, जे आवाजावरच एकमेकांना शोधतात, त्यांना त्याचा त्रास होतो. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी हे डोळ्याआड करू नये. शिडाची नौका वाऱ्यावर चालते, म्हणून मला ती जवळची वाटते. पण तीही सगळ्यांच्या खिशाला किंवा पोटाला झेपणारी नाही. समुद्र लागला की काय होतं, ते मांडव्याच्या लाँचमध्ये बसलेल्यांना ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आलिशान बोटीवरचा आराम हवेतून येत नाही. कोणीतरी पहाटे चारला उठून कणीक मळतं, चादरी बदलतं, महिनोन्महिने आपल्या लेकरांपासून लांब राहून हसऱ्या चेहऱ्याने ताट वाढतं. एकाचा निवांतपणा दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो. बोटीवर गेलात तर त्या माणसांशी नीट बोला, त्यांची नावं विचारा.

आणि हे लिहिताना जाणवलं की हे चित्र आपल्या चांगल्याच ओळखीचं आहे. वेळेवर गरम जेवण, घडी घातलेले कपडे, मागितलं की हातात पाणी. आपलं घर ही आपल्या घरच्यांची क्रूझच आहे. फक्त आपण त्या बोटीच्या नोकरवर्गात आहोत, प्रवाशांत नाही. म्हणून जेव्हा ही बाई म्हणते, 'मला एकदा प्रवासी व्हायचंय', तेव्हा घरच्यांनी तिला पैशाचा हिशोब सांगू नये.

मग करायचं काय

एक सोपी पळवाट मला दिसते, ती आधीच बंद करते. कोणी म्हणेल, 'बघा, तुम्हीच म्हणालात की सुख मर्यादेत आहे. मग घरातच राहा, सामायिक करा, बोट कशाला?' हे बोलणं गोड वाटलं तरी खोटं आहे. आपण घेतलेली मर्यादा व्रत असते. दुसऱ्याने घातलेली मर्यादा बंधन असते. घरात बसलेल्या बाईला अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकातही तीन वेळा हाक येते, आणि तिला डोळ्यांनी खुणा करून सांगावं लागतं की आता नाही. सामायिक म्हणजे खरं तर आपली रोजची बोटच आहे. किनारा सोडायचा, ठरलेला वेळ पाण्यावर राहायचं, मग परत यायचं. पण घरचे तिला किनारा सोडू देतात का?

म्हणून मंडळाला मी तीन गोष्टी सांगितल्या, त्याच इथे लिहिते.

ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या. स्वतःच्या भिशीच्या पैशांतून गेलेल्या बाईकडे कोणी स्पष्टीकरण मागू नये. ज्यांचं व्रत आहे त्यांनी आनंदाने मागे राहावं, पण टोमणे मारू नयेत.

जाताना बोट नीट निवडा. कार्यक्रम किती, यापेक्षा नुसता समुद्र किती, हे विचारा. ज्या फेरीत बंदरं कमी आणि पाण्यावरचे दिवस जास्त, ती फेरी घ्या. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्या. बोटीवर गेल्यावर सांगितलं तर पुलाव समोर येतो आणि सूर्य गेलेला असतो. खाकरे, मुखवास, सुंठीच्या गोळ्या बरोबर ठेवा. रोज सकाळी डेकवर बसून चौदा नियम घ्या, तिथे ते फार सोपे जातात. फोन बंद ठेवा. समुद्रात आत गेल्यावर रेंज नसतेच, वायफायचं पॅकेज विकत घेऊ नका. तेच तर सोडायला गेलो होतो.

आणि तिसरी गोष्ट ज्या जाऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी. जिच्या सासूबाई अंथरुणावर आहेत, जिच्या नातीची परीक्षा आहे, जिच्याकडे तेवढे पैसे नाहीत, तिला घरच्यांनी महिन्यातून एक दिवस बोटीवर आहे असं समजावं. त्या दिवशी तिला हाक नाही, फोन नाही, किल्ली कुठे आहे हा प्रश्न नाही. ती झोपेल, वाचेल, स्थानकात बसेल किंवा खिडकीतून नुसती बघत राहील. सासूबाईंचं औषध मुलगा देईल, पोळ्या बाहेरून येतील, दूध उतू गेलं तर ज्याचं त्याने पुसावं. एका दिवसाने घर बुडत नाही.

मुलांनो आणि भावांनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असाल तर या महिन्याची तारीख आजच ठरवा आणि तिला सांगा. तिला मागायला लावू नका.

जय जिनेंद्र.